अनुल्लेखिताची खूण : अल्यूट भाषा आणि तिचे आप्त

भाषाकुल ही संकल्पना आपल्या भाषाभ्यासात इतकी रुळली आहे की ते मुळात एक रूपक आहे, याचे भान सहसा राहत नाही. मूळ भाषा ही जननी, तिच्यापासून निघालेल्या भाषा या कन्या, आणि त्या एकमेकींच्या भगिनी, अशा नात्यांच्या परिभाषेत आपण भाषांचा इतिहास मांडतो. ही परिभाषा निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु काही भाषांच्या बाबतीत ती जितके उघड करते, त्याहून अधिक झाकून ठेवते. उत्तर प्रशांत महासागरात अलास्का आणि कामचात्का यांच्या दरम्यान पसरलेल्या द्वीपमालिकेतील अल्यूट ही अशी एक भाषा आहे. तिचे कुल कोणते, हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच ओळखले गेले. तिचे व्याकरण आज असे का आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र केवळ कुलातून मिळत नाही. त्यासाठी त्या बेटांवर कोण आले, कोणाला कोठे हलवण्यात आले आणि भाषेची नोंद करताना कोणाची नावे गाळली गेली, हेही पाहावे लागते.

प्रथम नावाविषयी. ‘अल्यूट’ हे नाव या लोकांना रशियनांनी दिले. ते स्वतःला पूर्वेकडील बोलीत ‘उनांगान’ आणि अटका बेटाच्या बोलीत ‘उनांगास’ म्हणतात. त्यांच्या भाषेचे नाव ‘उनांगाम तुनू’. रशियनांनी हेच नाव शेजारच्या कोडियाक बेटावरील लोकांनाही लावले. त्या लोकांची भाषा यूपिक गटातील असून अल्यूटहून पूर्णतः निराळी आहे. तरीही ‘अलुतीक’ हे तिचे आजचे प्रचलित नाव ‘अल्यूट’ या शब्दाचेच स्थानिक रूप आहे. म्हणजे वंशाने दूर असलेल्या दोन भाषांना एका साम्राज्याच्या दप्तराने नावापुरते एक करून टाकले. कुलाचे दुसरे नावही असेच वादग्रस्त ठरले. ‘एस्किमो-अल्यूट’ ही संज्ञा दीर्घकाळ चालली. परंतु ‘एस्किमो’ हा शब्द बाहेरच्यांनी लादलेला असल्यामुळे अलीकडे ‘इनुइत-यूपिक-उनांगान’ असे नाव वापरले जाऊ लागले आहे.

या कुलाच्या दोन मुख्य शाखा आहेत. एका शाखेत सायबेरियाच्या पूर्व टोकापासून नैऋत्य अलास्कापर्यंतच्या यूपिक भाषा आणि उत्तर अलास्कापासून कॅनडामार्गे ग्रीनलंडपर्यंत पसरलेल्या इनुइत बोलींची साखळी येते. सायबेरियातील सिरेनिक ही भाषाही याच शाखेतील. तिची अखेरची भाषक १९९७ साली निवर्तली. दुसऱ्या शाखेत अल्यूट ही एकटीच आहे.

हे नाते ओळखणारा पहिला अभ्यासक म्हणजे डॅनिश पंडित रास्मुस रास्क. १८१८-१९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मुक्कामास असताना त्याने अल्यूट भाषकांकडून त्यांच्या भाषेची माहिती घेतली आणि ग्रीनलंडच्या भाषेशी तिचे असलेले साम्य टिपले. १८२० चे ते हस्तलिखित कोपनहेगनच्या ग्रंथालयात शंभर वर्षे पडून होते. विल्यम थालबित्सर याने ते १९२१ मध्ये प्रकाशात आणले. मराठी वाचकाला यात एक जवळचा धागा सापडेल. सेंट पीटर्सबर्गहून निघालेला रास्क इराणमार्गे १८२० मध्येच मुंबईस पोचला आणि अवेस्ताच्या भाषेच्या प्राचीनतेविषयीचा आपला प्रबंध त्याने तेथील वास्तव्यात लिहिला. एकाच प्रवासात एकाच अभ्यासकाने इंडो-युरोपीय कुलाची एक पूर्वशाखा आणि ध्रुवप्रदेशातील एका कुलाची दूरची कडी हाताळली. तौलनिक पद्धती ही केवळ युरोप आणि आशियातील ग्रंथनिविष्ट भाषांपुरती नाही, याची ही फार लवकर आलेली साक्ष होय.

रास्कने जे साम्य पाहिले ते वरवरचे नव्हते. अल्यूटमध्ये ‘एक’ याला ‘अताक़न’ म्हणतात, तर ग्रीनलंडच्या भाषेत ‘अताउसिक़’. सुट्या शब्दांचे साम्य योगायोगाचे असू शकते. प्रत्ययांच्या व्यवस्थेतील साम्य मात्र सहसा तसे नसते. दोन्ही शाखांत नामाला तीन वचने आहेत. संस्कृतातील द्विवचन महाराष्ट्री प्राकृतात लोपले आणि मराठीत आलेच नाही; या भाषांत ते टिकले. अल्यूटमध्ये ‘पुरुष’ या अर्थी ‘तयग़ुख़’ असा शब्द आहे. त्याचे द्विवचनही नागरी लिपीत तसेच लिहावे लागते. कारण एकवचनातील अंत्य घर्षक पडजिभेशी उच्चारला जातो आणि द्विवचनातील त्याच्या किंचित पुढे, मृदुतालूवर, हा भेद दाखवणारे चिन्ह आपल्याकडे नाही. अनेकवचन पूर्वेकडे ‘तयग़ुन’ आणि अटका बेटावर ‘तयग़ुस’ असे होते. दुसऱ्या शाखेत याच तीन जागी अनुक्रमे ‘क़’, ‘क’ आणि ‘त’ हे अंत्य ध्वनी येतात. एकीकडचा स्फोटक दुसरीकडे घर्षक व्हावा आणि हा संबंध नियमाने चालावा, यालाच आपण कुलसंबंध म्हणतो. पुढे १९५१ मध्ये गॉर्डन मार्श आणि मॉरिस स्वॉडेश यांनी अशा ध्वनिसंवादांची पद्धतशीर मांडणी करून हे नाते वादातीत केले.

याच स्वॉडेशने शब्दसंग्रहातील बदलाचा वेग स्थिर असतो असे गृहीत धरून भाषा केव्हा विभक्त झाल्या, हे वर्षांत मोजण्याची पद्धत मांडली होती. तिच्यावर सर्वांत परिणामकारक आक्षेप घेतला तो अल्यूटचाच अभ्यासक नॉर्वेचा क्नूत बर्गस्लांद याने. १९६२ मध्ये हान्स फोग्त याच्यासह लिहिलेल्या लेखात त्याने दाखवून दिले, की आइसलंडच्या भाषेने मूळ शब्द अपेक्षेपेक्षा किती तरी अधिक जपले आहेत, तर पूर्व ग्रीनलंडच्या बोलीने ते फार वेगाने टाकले आहेत. त्या बोलीत मृत व्यक्तीच्या नावाशी जुळणारा शब्द उच्चारू नये असा दंडक होता; त्यामुळे माणसे गेली की शब्दही बदलत. समाजाचे आचार भाषेच्या अंतर्गत घड्याळाला जुमानत नाहीत. अल्यूट आणि तिच्या भगिनी काही हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, एवढेच म्हणणे त्यामुळे सुरक्षित ठरते.

आता रचनेकडे वळू. अल्यूटचे ध्वनिविश्व आटोपशीर आहे. ‘अ’, ‘इ’, ‘उ’ हे तीनच स्वर, प्रत्येकी ऱ्हस्व आणि दीर्घ. व्यंजनांत पडजिभीय ध्वनींची समृद्धी आहे. परंतु ‘प’ आणि ‘ब’ हे ओष्ठ्य स्फोटक मूळ शब्दांत नाहीत. ते केवळ रशियन व इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांत आढळतात. भगिनी भाषांत ‘प’ मुबलक आहे; म्हणजे अल्यूटने तो प्राचीन काळी गमावला आणि रशियन शब्दांबरोबर तो परत आला.

वाक्यरचनेत अल्यूटचे वेगळेपण खऱ्या अर्थाने दिसते. ग्रीनलंडच्या भाषेत ‘पुरुष स्त्रीला पाहतो’ हे ‘अंगुतिप अर्नाक़ ताकुवा’ असे होते. यात कर्त्याला ‘प’ हा प्रत्यय लागला आहे आणि कर्म विनाप्रत्यय आहे. मराठी भाषकाला ही रचना परकी वाटू नये. ‘रामाने आंबा खाल्ला’ या भूतकालीन वाक्यात आपणही सकर्मक क्रियेच्या कर्त्यालाच प्रत्यय लावतो. फरक असा की तेथे हाच ‘प’ स्वामित्वही दाखवतो. ‘पुरुषाचे घर’ म्हणजे ‘अंगुतिप इल्लुआ’. या विभक्तीला संबंधी विभक्ती म्हणतात. यूपिकमध्ये तिचा प्रत्यय ‘म’ आहे आणि अल्यूटमध्येही ‘म’च. ‘पीटरचा बाप’ म्हणजे ‘पीत्रम अदा’. इथवर कुलातील भाषा एकमेकींशी जुळतात.

परंतु ‘पीटर इव्हानला मदत करतो आहे’ हे वाक्य अल्यूटमध्ये ‘पीत्रख़ इवानख़ किदुकुख़’ असे होते. कर्ता आणि कर्म दोन्ही एकाच रूपात. भगिनी भाषांत कर्त्याला अपरिहार्य असलेला प्रत्यय येथे नाही. आता इव्हानचा उल्लेख आधी होऊन गेला आहे आणि वाक्यात त्याचे नाव पुन्हा घ्यायचे नाही, असे समजू. ‘पीटर त्याला मदत करतो आहे’ याचे वाक्य होते ‘पीत्रम किदुकू’. येथे ‘त्याला’ या अर्थाचे सर्वनाम नाही. मात्र इव्हान वाक्यातून जाताच पीटरला ‘म’ लागतो आणि क्रियापदाचा अंत्य प्रत्ययही बदलतो. म्हणजे हा ‘म’ सकर्मकतेचा निदर्शक राहिलेला नाही. वाक्याच्या अर्थात असलेली, पण शब्दांत नसलेली तृतीय व्यक्ती कोणी तरी आहे, एवढेच तो सांगतो. ती व्यक्ती स्वतः कर्म असेल किंवा कर्मवाचक वस्तूची मालक असेल. तिचा उल्लेख नसला की वाक्याला तिची खूण बाळगावीच लागते. क्रियापदाचे वचनही या अनुल्लेखिताप्रमाणे बदलू शकते. जगातील भाषांत ही व्यवस्था विरळ आहे आणि वाक्यविचाराच्या अनेक सिद्धान्तांची तिने परीक्षा पाहिली आहे.

दुसरा भेद विभक्तींचा. ग्रीनलंडच्या भाषेत ‘घरात’ म्हणजे ‘इल्लुमि’ हा एकच शब्द आहे. अधिकरण, अपादान इत्यादी अर्थांसाठी तेथे स्वतंत्र प्रत्यय आहेत. अल्यूटमध्ये नामाला केवल आणि संबंधी अशा दोनच विभक्ती उरल्या. ‘घरात’ म्हणायचे तर ‘घर’ या नामाला संबंधी प्रत्यय लावून त्यापुढे ‘आतली बाजू’ या अर्थाचे स्थानवाचक नाम ठेवावे लागते. आपल्या ‘घराच्या आत’ या रचनेची येथे आठवण होईल. प्रत्ययांवर प्रत्यय रचून एका शब्दात वाक्य सामावण्याची जी ख्याती या कुलाला आहे, तिच्या मानाने अल्यूट बरीच विघटनशील आहे.

हे असे का झाले? बर्गस्लांदच्या विवेचनाचा रोख भाषेच्या अंतर्गत घडामोडींवर आहे. शब्दान्तीचे ध्वनी झिजले, प्रत्ययांतील भेद पुसट झाले आणि उरलेल्या साधनांची वाक्यात नव्याने मांडणी झाली. मराठीतील विभक्तींच्या झिजेचा इतिहास ठाऊक असलेल्यांना ही प्रक्रिया ओळखीची आहे. अलीकडे अॅना बर्ज यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या काळातही अल्यूटचा शेजारच्या इतर भाषांशी घनिष्ठ संपर्क झाला असावा आणि तिचे काही वेगळेपण त्यातून आले असावे, असे सुचवले आहे. हे दोन विचार परस्परांना छेद देतातच असे नाही. तथापि दुसरा विचार मान्य केला की ‘एकटी पडलेली शाखा’ ही प्रतिमा डळमळते. वृक्षावर एकटी दिसणारी भाषा समुद्रावर एकटी नव्हती.

अठराव्या शतकापासूनच्या संपर्काला तर अनुमानाची गरज नाही. १७४१ मध्ये बेरिंगची मोहीम या बेटांपर्यंत पोचली आणि तिच्यामागोमाग समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांसाठी रशियन व्यापारी आले. १७६३-६४ मध्ये उनालास्का आणि उम्नाक परिसरातील बेटकऱ्यांनी उठाव केला. तो अत्यंत क्रूरपणे चिरडण्यात आला. हिंसा, सक्तीची शिकार आणि रोगराई यांमुळे मूळच्या, अंदाजे बारा ते पंधरा हजारांच्या, लोकसंख्येचा अल्पांशच काही पिढ्यांत उरला. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रशियन-अमेरिकन कंपनीने उरलेल्यांना सोयीप्रमाणे हलवले. प्रिबिलोफ बेटांवर सीलच्या शिकारीसाठी, तर कमांडर बेटांपैकी बेरिंग बेटावर मुख्यतः अटकाचे आणि मेद्नी बेटावर मुख्यतः अट्टूचे लोक वसवण्यात आले. अल्यूट बोलींचा आजचा नकाशा हा मोठ्या प्रमाणात कातड्यांच्या व्यापाराचा नकाशा आहे.

मेद्नी बेटावर जे घडले ते भाषाशास्त्राला आजही कोड्यात टाकते. रशियन पुरुष, अल्यूट स्त्रिया आणि त्यांची संतती यांच्या वस्तीत एक मिश्र भाषा उदयास आली. तिची नामे, त्यांचे प्रत्यय आणि बहुतेक धातू अल्यूट. परंतु क्रियापदाचे काळ-पुरुषवाचक प्रत्यय रशियन. ‘बसणे’ या अर्थाचा ‘उङुची’ हा अल्यूट धातू घेऊन ‘मी बसतो’ याला ‘उङुचियु’ आणि ‘तो बसतो’ याला ‘उङुचिइत’ असे म्हटले जाई. भाषा परभाषेतून शब्द घेते, व्याकरणाचा गाभा मात्र आपला ठेवते, हा सर्वसाधारण समज या भाषेने मोडला. कारण येथे समापिका क्रियापदाची अख्खी प्रत्ययमालाच उसनी आली आहे. १९६० च्या दशकात मेनोव्श्चिकोव याने आणि १९९० मध्ये गोलोव्को व वाख्तिन यांनी तिचे वर्णन केले. तिला अल्यूटची कन्या म्हणावे की रशियनची? कुलवृक्षाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

याच रशियन काळाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १८२४ मध्ये उनालास्का येथे आलेला धर्मोपदेशक इव्हान वेन्यामिनोव याने सिरिलिक लिपीवर आधारित अल्यूट लेखनपद्धती सिद्ध केली, धर्मग्रंथांची भाषांतरे केली आणि १८४६ मध्ये अल्यूटचे पहिले व्याकरण प्रसिद्ध केले. अटका येथे अल्यूट मातेच्या पोटी जन्मलेला याकोव नेत्स्वेतोव याने या भाषांतरांना पश्चिमेकडील बोलीच्या टिपा जोडल्या. चर्च आणि त्याच्या शाळा यांमधून अल्यूट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची पिढी तयार झाली. मात्र वेन्यामिनोवच्या लेखनामागे तिगाल्दाचा अल्यूट मुखिया इव्हान पान्कोव उभा होता. लिपीची जुळणी आणि भाषांतर ही त्या दोघांची संयुक्त कामगिरी. तरीही व्याकरणाच्या इतिहासात एकच नाव ठळक राहिले. १९०९-१० मध्ये व्लादिमीर योखेल्सन याने मेणाच्या नळकांड्यांवर ज्या कथा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचे लेखन आणि स्पष्टीकरण अलेक्सेई याचमेन्येव आणि लेओन्ती सिव्त्सोव या अल्यूट सहकाऱ्यांच्या साहाय्याने झाले. हा संग्रह बर्गस्लांद आणि अटकाचा मोझेस डर्क्स यांच्या संपादनाखाली १९९० मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा मुखपृष्ठावर एका अल्यूट संपादकाचे नाव अभ्यासकाच्या बरोबरीने आले.

मध्यंतरी भाषेचा आधार नाहीसा होत होता. १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि शाळेची भाषा इंग्रजी झाली. अल्यूट बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. जून १९४२ मध्ये जपानने डच हार्बरवर बॉम्बफेक करून अट्टू व किस्का ही बेटे व्यापली. अट्टूच्या सुमारे चाळीस रहिवाशांना होक्काइदोवरील ओतारू येथे नेण्यात आले. त्यांतील जवळजवळ निम्मे तेथेच दगावले. उरलेल्यांना युद्धानंतर अट्टूला परतू दिले नाही. ते बहुतांशी अटकावर राहिले. दुसरीकडे अमेरिकन सरकारने नऊ गावांतील ८८१ लोकांना आग्नेय अलास्कातील पडक्या कारखान्यांत आणि छावण्यांत हलवले. त्यांतील सुमारे दहा टक्के मृत्यू पावले. १९८८ मध्ये अमेरिकेने कायद्याने याची क्षमा मागितली आणि भरपाई दिली. अट्टूची बोली मात्र परत आली नाही. आज ती बोलणारे कोणी नाही.

१९७२ मध्ये अलास्कात द्वैभाषिक शिक्षणाचा कायदा झाला, फेअरबँक्स येथे देशी भाषांचे केंद्र उभे राहिले, रोमन लिपीत नवी लेखनपद्धती आली. बर्गस्लांदचा शब्दकोश १९९४ मध्ये आणि व्याकरण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या लहान समाजाच्या भाषेची एवढी सखोल नोंद विरळाच. परंतु तोवर घरात मुलांशी अल्यूट बोलले जाणे जवळजवळ थांबले होते. आज अलास्कात ती सहजपणे बोलणारे शंभराच्या आत असल्याचे मानले जाते. बेरिंग बेटाच्या बोलीची अखेरची भाषक २०२१ मध्ये आणि मेद्नी भाषेचा अखेरचा भाषक २०२२ मध्ये निवर्तला.

याच्या शेजारी तिच्याच कुलातील ग्रीनलंडची भाषा ठेवून पाहावी. तिलाही परकीय सत्ता आणि धर्मप्रसार यांना तोंड द्यावे लागले. परंतु तेथे १८५१ मध्ये सामुएल क्लाइनश्मित याने लॅटिन व्याकरणाचा साचा बाजूला ठेवून भाषेचे वर्णन केले, १८६१ पासून तिच्यात वृत्तपत्र निघू लागले, आणि २००९ च्या स्वशासनाच्या कायद्याने ती एकमेव अधिकृत भाषा ठरली. तिचे भाषक पन्नास हजारांच्या घरात आहेत. दोन भगिनींच्या दैवातील हा फरक त्यांच्या व्याकरणाने ठरवलेला नाही. अनेक दशके सलग चाललेली शाळा, छापखाना आणि आपल्या गावी राहता येणे या गोष्टींनी तो ठरवला. २०१४ मध्ये अलास्कानेही अल्यूटसह वीस देशी भाषांना अधिकृत दर्जा दिला. पण दर्जा आणि व्यवहार यांतील अंतर कायद्याने आपोआप भरून निघत नाही.

शेवटी पुन्हा त्या छोट्या वाक्याकडे : ‘पीत्रम किदुकू’. यातील नाव बाप्तिस्म्यातून आले. त्या नावातला ‘प’ रशियनने आणला. ‘म’ हा प्रत्यय यूपिक आणि इनुइत भाषांशी सामाईक असलेल्या पूर्वजाचा. तो केव्हा लावायचा आणि केव्हा नाही, हा नियम मात्र या बेटांवरच घडलेला. दोनच शब्दांच्या वाक्यात वंश, संपर्क आणि स्वतंत्र परिणती असे तीन इतिहास एकत्र नांदतात. त्यांपैकी केवळ पहिल्याला ‘भाषेचा इतिहास’ म्हणणे आणि उरलेले दोन समाजेतिहासाकडे सोपवणे, ही आपल्या ज्ञानशाखेची सोय आहे. भाषेचे वास्तव नव्हे.

व्याकरणातील नियमातून समाजाचे मानस वाचण्याचा मोह टाळलाच पाहिजे, आणि येथे तसा दावा नाही. तरीही पद्धतीचा एक धडा या भाषेकडून घेता येईल. अल्यूट वाक्यात एखाद्याचे नाव गाळण्याची मुभा आहे. पण गाळल्याची खूण न ठेवण्याची मुभा नाही. अल्यूटविषयी लिहिल्या गेलेल्या इतिहासाने ती दीर्घकाळ घेतली. पान्कोव, याचमेन्येव, सिव्त्सोव आणि ज्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत असे कथक, हे त्या इतिहासाच्या प्रत्येक विधानात अर्थरूपाने आहेत, शब्दरूपाने नाहीत. भाषेची नोंद करणाऱ्याने आणि ती नोंद वाचणाऱ्यानेही हा प्रत्यय आपल्या वाक्यांना लावण्याची सवय केली, तर कुल आणि आप्त या शब्दांचा अर्थ आपल्याला अधिक नीट कळेल.